मी उंबरा ओलांडला की थांबणारं मशीन

आधीच सांगतो, भूत-खेत, करणी, मूठ मारणं असलं मी काही मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो आन् आता बी मानत नाही. तरणा होतो तेव्हा बारामतीच्या आसपासच्या चार गावांत स्मशानाच्या भिंतीवर सुविचार मी रंगवलेत. एकटा बसून. दुपारची भाकरी तिथंच सोडायची, शेजारी कुणाची तरी राख अजून गरम असायची... अंगावर कधी काटा आला नाही. त्यामुळं हे वाचून कुणाला वाटलं की तात्याला म्हातारपणी चळ लागला, तर खुशाल वाटू द्या. जे झालं ते झालं. ते सांगताना मला भीती वाटत नाही. लाज वाटते.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण अक्षर बघाल तर तोंडात बोट घालाल, कारण जन्म पेंटर म्हणून गेला. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, सोसायटीचे बोर्ड — सगळं ब्रशनं. मग फ्लेक्स आलं आन् ब्रश उपाशी मेला. बाकीच्या पेंटरांत कुणी रिक्षा घेतली, कुणी शेतात गेलं. मी म्हणलं, ज्यानं माझं पोट मारलं ते मशीन आतनं असतं तरी कसं, बघू. भंगारात चाललेलं एक मशीन घरी आणलं, खोललं, आन् सहा महिन्यांत चालू केलं. पुस्तक वाचलं नाही, कुठं कोर्स केला नाही. आज बारामती, इंदापूर, भिगवण — कुठंबी फ्लेक्सचं मशीन अडलं की फोन मलाच येतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे मशीन दहा फूट रुंद असतं. मधे एक लांब दांडी, तिच्यावरून एक डबा सर्र-सर्र इकडून तिकडं पळतो. त्याला कॅरेज म्हणतात. कॅरेजच्या पोटात हेड असतात आन् हेडला केसाहून बारीक भोकं. त्यातनं शाई फवारते. हेड म्हणजे मशीनचा जीव. हेड गेलं की मालकाचं वर्ष गेलं म्हणून समजा.

आन् आमच्या लाइनीत एक रीत आहे. मशीन बिघडलं की मालक मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारतो — चूक कुणाची? मशीनची का ऑपरेटरची? मेकॅनिक म्हणेल ते खरं. त्याच्यावर कुणी अपील करत नाही. माझ्या एका शब्दावर माणसं कामाला लागलीत आन् घरीबी बसलीत. याचा मला मोठा अभिमान होता. होता असंच लिहितो.

इंदापूरला विजयशेठचं दुकान आहे, रस्त्याला लागूनच. पुढं काचेचा दरवाजा, दोन पायऱ्या, आत मशीन. तिथं शैला नावाची ऑपरेटर होती. तिशीची असेल. नवरा ट्रकवर, घरी सासू. बाई ऑपरेटर आमच्याकडं फार नाहीत. तिला मशीन शिकवलं मीच. सहा वर्षांत तिच्या हातनं एक शीट वाया गेली नाही. शाई किती उरली हे ती डबा उचलून सांगायची, झाकण न काढता.

खंडेनवमीची गोष्ट, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. बॅनरची झुंबड होती. काळा रंग तुटक यायला लागला म्हणून मला बोलावलं. टेस्ट काढली तर कंगव्याचे दात पडावेत तशा रेघा गायब. हेड धुवायला लागणार होतं. हेड धुवायचं एक वेगळं औषध येतं, त्याला आम्ही फ्लशिंग म्हणतो. त्याचा कॅन रिकामा.

शैला म्हणाली, "तात्या, सकाळच्या गाडीनं नवा कॅन येतोय. तवर थांबू."

मी म्हणलं, "आन् गिऱ्हाईक थांबंल व्हय?"

"थांबंल की. दोन शिव्या दिल न् थांबंल."

"तू मला शिकवू नगंस, शैला."

"मी कशाला शिकवू," ती हसली, "तुमी तर जन्मताच पाना घिऊन आलाय." आन् पूजेला झेंडू आणायला बाजारात गेली.

माझ्या पिशवीत थिनरचा डबा होता. साधा, रंगाच्या दुकानातला. मशीनचं लोखंड पुसायला ठेवतो. चाळीस वर्षं मी थिनरनं ब्रश धुतलेत... मी म्हणलं, हे काय आन् ते काय, दोन्हीचा वास तर सारखाच. कंपनीवाले उगं नाव बदलून विकतात. इंजेक्शनच्या सिरिंजनं थिनर ओढलं आन् चारी हेडांतनं सोडलं.

टेस्ट काढली. एक रेघ तुटली नव्हती. छाती फुगली माझी.

शैला फुलं घेऊन आली. दारात जरा थांबली. माझ्याकडं बघितलं आन् खाली बसून हार ओवायला लागली. संध्याकाळी तिनं मशीनच्या पायाला एक बोट हळद, एक बोट कुंकू लावलं. हार घातला तो बी बाजूच्या कडीला. मी ते डोळ्यांनी बघितलं आन् मग एसटी धरली.

दसऱ्याला सकाळीच शेठचा फोन — "तात्या, असाल तसे या."

गेलो तर कॅरेजमधनं काळी शाई टपटपा गळत होती. पिवळ्यात काळी, निळ्यात गुलाबी. कुणाच्यातरी वाढदिवसाच्या बॅनरवर तोंडं सगळी काळीनिळी झालेली. हेड काढलं. आतले थर ज्यानं चिकटवलेले असतात तो डिंक चावलेल्या च्युइंगमसारखा मऊ पडला होता. मला बघताक्षणी कळलं. थिनरनं डिंक खाल्ला. चारी हेड खलास.

विजयशेठ डोक्याला हात लावून उभे. शैला भिंतीला टेकून. दोघं बी माझ्या तोंडाकडं बघत होते.

"तात्या, कशानं झालं?"

आता इथं मी खरं बोलायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं — शेठ, माझ्या हातनं झालं. तोंड उघडलं बी. आन् माझी नजर मशीनच्या पायाला लावलेल्या कुंकवावर गेली.

मी म्हणलं, "पूजा केली का मशीनची?"

"केली की. दर साली करतो."

"हळद-कुंकवाची भुकटी हेडात गेली. भोकं बुजली, दाब वाढला, हेड फुटलं."

शेठ शैलाकडं वळले. ती म्हणाली, "मी पायाला लावलं, शेठ. दांडीच्या जवळ बी गेले न्हाय."

"मंग तात्या काय खोटं बोलत्यात?"

तिनं परत माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकून पाने पिशवीत भरायला लागलो. थिनरच्या डब्यावर फडकं टाकलं.

शेठनी तिला त्याच दुपारी कामावरनं काढलं. पुढं आठ दिवसांत इंदापूर आन् बारामतीच्या सगळ्या फ्लेक्सवाल्यांत झालं — चार हेड घालवली ती कुंकूवाली. तिनं दोन-तीन ठिकाणी विचारलं, कुणी उभं केलं नाही. एका दुकानात तर माझ्यासमोर विषय निघाला. मालक मला म्हणाला, "तुमी म्हणताय म्हंजे असंलच." मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

आता पुढचं.

नवी हेड आली. मी बसवली. शेठ आता मशीन स्वतःच चालवत होते. छापायला फाइल सोडली. कॅरेज हातभर पळालं आन् थांबलं. एरर. दांडीच्या मागं एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावरनं कॅरेजला कळतं आपण कुठं आहोत. ती घाण झाली की असं होतं. पुसली. परत हातभर, परत बंद. वायर बदलली. पट्टीच बदलली. तेच. दुपारपर्यंत घाम निघाला. म्हणलं, चहा पिऊन येतो. पायऱ्या उतरून टपरीपाशी गेलो तर मागनं आवाज — सर्र... सर्र... सर्र... मशीन झकास चालू.

पळत आलो. दारातनं पाय आत टाकला. बंद.

शेठ हसले. "तात्या, तुमच्या धाकानं गप्प बसलं बगा ते. मास्तर वर्गात आल्यावानी."

मी बी हसलो. पण परत भाईर गेलो. चालू. आत आलो. बंद.

नेहमी उलटं असतं बगा. मेकॅनिक आला की मशीन शहाण्यासारखं वागतं आन् तो गेला की परत अडतं. या धंद्यातला कुणी बी सांगेल. पण मी असताना बंद आन् मी नसताना चालू — असलं मी ऐकलं बी नव्हतं.

मी हट्टी माणूस. कारण शोधल्याशिवाय सोडत नाही. पुण्याहून इंजिनियर आला, शिकलेला. त्यानं माझ्याकडं वरखाली बघितलं आन् म्हणाला, "काका, तुमच्या अंगात स्टॅटिक करंट जास्त आहे. टेरिकॉटचा शर्ट घालू नका." सुती घातला. बंद. चप्पल काढून आलो. बंद. नवीन अर्थिंग केलं — मीच खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, चार बादल्या पाणी ओतलं. बंद. मी त्याला म्हणलं, "साहेब, बारामतीत सात मशीनं मी सांभाळतो. ती कशी चालतात? तिथं काय मी अंगातला करंट घरी ठेवून जातो?" तो चहा पिऊन गेला.

मग मला वाटलं, शेठच काहीतरी चावटपणा करतायत. म्हणून एकदा न सांगता गेलो, मागच्या बोळातनं. शेठ पाठमोरे, फोनवर बोलत होते. मागचं दार मी इतकं हळू लोटलं की मलाच ऐकू आलं नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टेकलं आन् कॅरेज जागच्या जागी उभं राहिलं. शेठ फोन कानाला लावूनच म्हणाले, "तात्या आले का?" मागं वळून न बघता.

तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं होतं. माझं बी.

अर्थिंगची वायर परत एकदा बघावी म्हणून मी मशीनखाली वाकलो. मशीन बंदच होतं, मी आत होतो ना. पायाशी तोंड गेलं आन् समोर ते दिसलं — एक बोट हळद, एक बोट कुंकू. वाळलेलं, पण जिथं तिनं लावलं तिथंच. बाजूला एक कण सांडलेला नव्हता. दांडी तिथनं तीन फूट वर. लहान पोराला बी कळलं असतं. शेठना कळलं नाही कारण त्यांनी बघितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं, मग बघायचं कशाला?

किती वेळ तसाच वाकून होतो, माहीत नाही. शेठनी विचारलं, "तात्या, चक्कर आली का?"

शैला लोणी देवकरला एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवर जाऊन उभा राहिलो. शिफ्ट सुटली. बायकांच्या घोळक्यात ती दिसली, हातात डब्याची पिशवी. मला बघून बाकीच्यांना म्हणाली, "तुमी व्हा पुढं." जवळ आली.

"तात्या, हितं कुठं?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. एक आठवेना. म्हणलं, "शैला, ते हेड... थिनर मी टाकलं व्हतं."

"ठाऊक हाय मला."

"कवा कळलं?"

"त्याच दिवशी. फुलं घिऊन दारात आले तवाच वास आला. फ्लशिंगचा वास मला कळत न्हाय व्हय? सहा वरीस नाकात हाय."

"मंग बोलली का न्हाईस?"

ती माझ्याकडं असं बघायला लागली की मीच खाली बघितलं. म्हणाली, "शेठनी तुमाला विचारलं तवा मी थांबले. म्हणलं, तात्याच सांगत्याल. मला शिकवलेला माणूस हाय, सांगल. मंग तुमी कुंकू काढलंत. त्याच्यावर माझं कोण ऐकणार व्हतं, तुमीच सांगा."

मी हात जोडले. म्हणलं, "माफ कर पोरी."

"हात खाली करा, बायका बघत्यात." मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग, तात्या? मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांगा जावा."

टेम्पो आला, ती बसली. मशीनचं मी तिला काही बोललो नव्हतो. उगं वाटायचं, भिऊन आलाय.

खरं सांगतो, पुढचे पाच दिवस मी घरात बसून काढले. इंदापूरची एसटी रोज डोळ्यांपुढनं जायची. सत्तरी उलटलेला माणूस, सगळ्या लाइनीत ज्याच्या शब्दाला मान, त्यानं जाऊन काय म्हणायचं — मी चोर? मनात आलं, शेठला एकट्याला फोनवर सांगू. मग आलं, थिनरच खराब निघालं असं सांगू. असली थेरं माणूस स्वतःशीच करतो बगा.

सहाव्या दिवशी गेलो. बाजाराचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक. बारामतीचे दोन फ्लेक्सवाले बी काही सामान न्यायला आलेले, बाकड्यावर बसलेले. काचेतनं सगळे दिसत होते. मशीन जोरात चालू. मी पायऱ्या चढलो, दार लोटलं.

मशीन बंद पडलं.

सगळे वळून बघायला लागले. शेठ वैतागून म्हणाले, "तात्या, आज नगा हो आत येऊ, लई काम हाय." ते मशीन चालू असताना त्या दुकानात ओरडून बोलावं लागतं. आता टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या शांततेत मी म्हणलं, "शेठ, हेड शैलानं न्हाय घालवली. मी थिनर टाकलं. कुंकवाचं मी खोटं बोललो."

बाकड्यावरचा एक जण खोकला.

शेठ म्हणाले, "तात्या... तुमी?"

"मीच."

"आन् त्या बाईला मी... सणाच्या दिवशी..."

मला वाटलं होतं — लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं — की आता मशीन चालू होईल. मी कॅरेजकडं बघत उभा राहिलो. मोठा पुण्यवान असल्यासारखा. ते हललं नाही. शेठनी बटण दाबलं, परत एरर. मी वळलो, पायऱ्या उतरलो, आन् मागं सर्र-सर्र सुरू झालं.

शैलाला परत बोलावलं. तिनं निरोप धाडला, फोनवर जमणार नाही, घरी येऊन सासूसमोर बोला. शेठ गेले, मला बी नेलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. शेठला चहा दिला, मला नुसतं पाणी. मी पाणी पिलो. ते बी दिलं हे जास्त झालं.

आता शैला परत त्या मशीनवर आहे. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला — "तात्या, पिवळा येईना. काय करू, थिनर टाकू का?" मला घाम फुटला. मग ती म्हणाली, "नळी बघू का आधी?" मी म्हणलं, "व्हय. आधी नळी."

मी आजबी आत गेलो की ते बंद पडतं. एकच मशीन. बाकी कुठंच असं होत नाही. शैलानं स्वतः बघितलंय, एकदा दोनदा नाही, दहादा. तिला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मला काय वाटायचंय? तुमी बाहेर थांबा, मला काम करू द्या." शेठच्या मते पट्टीच्या सेन्सरात काहीतरी फॉल्ट आहे. इंजिनियर अजून स्टॅटिकच धरून बसलाय. मला कारण माहीत नाही. देवानं शिक्षा केली म्हणावं तर देवाला दुसरी कामं नाहीत का? आन् शिक्षाच असती तर सांगितल्यावर सुटली असती. योगायोग म्हणावं, तर इतक्या वेळा? हे छापून आल्यावर कुणाला काही कळलं तर कळवा, मी ऐकायला तयार आहे. पूर्वी नव्हतो.

त्या मशीनचं काम निघालं की मी बाहेर पायरीवर उभा राहतो, ऊन असो, काही असो. दार उघडं ठेवतो. शैला आतनं सांगते, मी आवाज ऐकून बोलतो — डावा स्क्रू अर्धा आटा, अजून जरा, बास. हात तिचे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारतं, "तात्या, उन्हात का? आत पंख्याखाली बसा की."

मी सांगतो, "मी आत गेलो की मशीन बंद पडतं."

लोक हसतात. म्हातारा गमतीदार आहे म्हणतात. आतनं शैला हसत नाही. ती म्हणते, "तात्या, आता ऐका," आन् मशीन चालू करते.